तीन हळदी, एक पोपटी

नवा तागा टेबलावर आला आणि मी नेहमीसारखं कापड ओढायला सुरुवात केली. कापड तपासणाऱ्या बाईचे डोळे कापडावर नसतातच, बोटं असतात. गाठ लागली की बोट अडतं, मग नजर खाली जाते, चिमट्याने गाठ काढायची आणि पुढे ओढायचं. हात चालू, तोंडही चालू. त्या दुपारी शेजारच्या टेबलावरची मालनअक्का जावेच्या नव्या मिक्सरची गोष्ट रंगवून सांगत होती आणि मी हं हं करत होते. पहिल्या दोन मीटरांत एकही गाठ नव्हती, तरी माझं बोट अडलं. अगदी कडेला, किनारीवर.

पांढऱ्या कापडाच्या काठाशी तीन धागे हळदीच्या रंगाचे, आणि त्यांना चिकटून आत एक पोपटी. पोपटी धागा दुपदरी, म्हणून बोटाला लागलेला.

आमच्या इचलकरंजीत मागवाल्यांच्या किनारी वेगवेगळ्या. व्यापाऱ्याच्या गोदामात दहा जणांचं कापड एकत्र पडतं. उद्या कुठे चूक निघाली तर ती कुणाच्या मागाची हे कळावं, म्हणून कडेला हे रंगीत धागे. कुणाचे दोन लाल, कुणाचा एक निळा. तीन हळदी आणि एक दुपदरी पोपटी ही किनार एकाच माणसाची होती. सुदर्शन दिवटेची. पाच वर्षांपूर्वी ज्याच्यापासून माझा घटस्फोट झाला होता त्याची.

आणि याच सुदर्शनने महिन्यापूर्वी कोर्टात शपथेवर लिहून दिलं होतं, की त्याचे आठही माग दोन वर्षांमागे भंगारात गेले आणि तो आता चुलत भावाकडे पगारावर माग दुरुस्त करतो.

मालनअक्काने मान वर केली. "काय गं रेणुका, साप बघितलास काय कापडात?"

"काही नाही," मी म्हणाले. ताग्याला अडकवलेली चिठ्ठी पाहिली. नाव चुलत भावाच्या फर्मचं, तारीख मागच्या मंगळवारची. मी तागा शेवटपर्यंत तपासला. शेवटच्या वीतभर कापडावर तेलाचा डाग होता. असला डागाळलेला तुकडा कापून बाजूला टाकायचा असतो आणि ज्या बाईला हवा ती पुसायला घरी नेते, मालकांची हरकत नसते. मी तो कापला, घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवला. मग चिमटा उचलला आणि पुढचा तागा ओढला.

घटस्फोट झाला तेव्हा चिन्मयी दोन वर्षांची होती. संमतीने झाला, कोर्टाच्या दोन तारखांत. कागदावर एवढंच होतं की मुलगी आईकडे राहील आणि बाप महिन्याला साडेतीन हजार देईल. आजारपण, शाळा, आणखी काही, त्यातलं एक अक्षर नव्हतं. मला तेव्हा फक्त सही करून तिथून निघायचं होतं. दोन वर्षांच्या पोरीला काय लागतं, दूध, औषधाची बाटली, चार फ्रॉक. पोर वाढते हे त्या कागदाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

चिनू चार वर्षांची झाली तरी बोलेना. लोक म्हणायचे, बापावर गेलीय, तोही मुखदुर्बळ. मग मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की तिला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. एका शिबिरात तिला कानात घालायची ऐकायची मशीनं फुकट मिळाली. त्यांच्यावर ती शब्द शिकली. पण मशीन कानात बसवायला रबरासारखा साचा असतो, तो कानाच्या मापाचा लागतो आणि पोरीचा कान वाढत असतो. साचा सैल झाला की मशीन शिट्टी वाजवतं. दर सहा-आठ महिन्यांनी नवं माप, नवा साचा. तिच्या सातव्या वर्षी उजव्या मशीनचं झाकणच फुटलं. मी ते चिकटपट्टीने बांधलं. डॉक्टर म्हणाले, ही मशीनं आता संपली. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत चांगली जोडी घ्या आणि दोन वर्षं न चुकता बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आणा. डोकं ऐकायला शिकतं ते याच वयात, मग अवघड होत जातं.

त्या जोडीची किंमत ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. चिनू माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला ओठ वाचता येतात, त्यामुळे मी ओठ घट्ट मिटून घेतले.

सुदर्शनला फोन केला. तो म्हणाला, धंदा बसलाय, बघतो. दोन महिने बघत होता. मग मी वकील हसीना मुजावर मॅडमकडे गेले. बसस्थानकामागे झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. मला वाटत होतं, एकदा सही केलीय म्हणजे दार बंद. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पोटगी म्हणजे काय दगडावरची रेघ आहे का? परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागता येते. आणि मूल वाढतं ना, तीसुद्धा बदललेली परिस्थितीच."

अर्ज गेला. उत्तरात आलं ते भंगाराचं प्रतिज्ञापत्र. सोबत त्याच्या नावच्या मीटरचं वीजबिल, जवळजवळ शून्याचं. मॅडम म्हणाल्या, कागद चोख आहे. माग दुसऱ्याच्या मीटरवर चालत असतील, पण ते सिद्ध करायला वर्ष जाईल. माझ्याकडे जूनपर्यंतचे आठवडे होते.

म्हणून तो वीतभर तुकडा घेऊन मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे पळाले. त्यांनी तो खिडकीशी धरला, उलटा केला, सुलटा केला.

"आणि हे मी न्यायाधीशांना काय म्हणून दाखवू? तीन धागे पिवळे, एक हिरवा?"

"हळदी," मी म्हणाले. "आणि पोपटी."

त्या हसल्या. म्हणाल्या, कोर्टाला कागद लागतो, कापड नाही. पण पुढच्या गुरुवारी मध्यस्थीची बैठक आहे, तेव्हा पर्समध्ये ठेव. तिथे समोरासमोर बसायचं असतं. माणसाच्या तोंडावर काय उमटतं ते कागदावर उमटत नाही.

गुरुवारी कोल्हापूरला पोचलो तेव्हा अकराच वाजले होते आणि उकाड्याने जीव नकोसा झाला होता. मे महिना, शाळेला सुट्टी, चिनूला ठेवायला घरी कुणी नाही, म्हणून ती बरोबर होती. मध्यस्थीच्या खोलीबाहेर लांबलचक पडवी, भिंतीला लागून बाकं. एका बाकावर आत्ती बसली होती. आत्ती म्हणजे माझी त्या वेळची सासू, सुदर्शनची आई. हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी, बाजूला पाण्याची बाटली. मला बघून तिने मान भिंतीकडे फिरवली.

आत्तीचे कान केव्हाच गेलेत. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेल्या बाईचे जातातच. मागांच्या खात्यात, म्हणजे माग चालतात त्या शेडमध्ये, आवाजाने आवाज ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. समोरचा आठ माग पलीकडे उभा असला तरी चालतं. सावकाश ओठ हलवायचे, हाताची थोडी खूण करायची, की धागा तुटल्यापासून जेवायला काय आणलंय इथपर्यंत सगळं पोचतं. मी लग्न होऊन आले तेव्हा हे मला आत्तीने शिकवलं. तिचं एकच अवघड होतं. तोंडाने बोलायला लागली की तिचा आवाज किती मोठा होतो हे तिला कळायचं नाही. अख्ख्या गल्लीला तिची भाजी काय आहे ते माहीत असायचं.

मी चिनूला दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसवलं, चित्रांची वही दिली आणि खोलीत गेले. गरमीने खोलीचं दार उघडंच ठेवलं होतं आणि माझी खुर्ची दारासमोर होती, त्यामुळे ती मला दिसत राहिली.

मध्यस्थ मगदूम सर निवृत्त न्यायाधीश होते. शांत माणूस, बोलताना पेनाचं टोपण लावायचे, काढायचे. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, की इथे कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही आणि इथे बोललेलं या खोलीबाहेर जात नाही. मग सुदर्शनच्या तरुण वकिलांनी सांगायला सुरुवात केली. मंदी, सुताचे भाव, बंद पडलेले माग, बारा हजार पगार. आमचे अशील माणुसकीच्या नात्याने चार हजारांपर्यंत यायला तयार आहेत. मशीनच्या खर्चाचा मूळ करारात उल्लेख नाही, तेव्हा तो प्रश्नच येत नाही.

सुदर्शन माझ्याकडे बघत नव्हता. वाळला होता. कानावर केस पांढरे दिसत होते. त्याच्या शर्टाच्या खांद्यावर सुताचा एक तुकडा अडकलेला होता, आणि तो काढायला माझा हात सवयीने उचलला जातोय की काय अशी मला भीती वाटली.

मुजावर मॅडमनी मला डोळ्यांनी खूण केली. मी पर्समधून तुकडा काढला आणि टेबलावर पसरला. किनार त्याच्या बाजूला.

तो पहिल्यांदाच नीट बघायला लागला. कापडाकडे. वकिलांनी विचारलं, हे काय आहे. मी म्हणाले, हा तागा मागच्या मंगळवारी विणलाय. माझ्याच टेबलावर आला होता.

मगदूम सरांनी सुदर्शनला विचारलं, ही किनार तुमची का.

"नाही," तो म्हणाला. "आमची किनार आम्ही कधीच मोडली. माग गेले तेव्हाच. रंगीत सूत काय, कुणीही घालतंय."

वकिलांनी मान हलवली. खरंच होतं, रंगीत सूत कुणीही घालतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला कळलं की आता चार हजार, आणि प्रश्नच येत नाही.

मी चिनूकडे बघावं म्हणून दाराबाहेर बघितलं. तर चिनू तिच्या बाकावर नव्हती. ती आत्तीच्या बाकावर होती.

मला अजून ठाऊक नाही कोण कुणाकडे सरकलं. पाच वर्षांत त्या दोघी भेटल्या नव्हत्या. चिनूला ती कोण हेही आठवत नसणार. पण पाणी देणाऱ्या शिपायाला आत्ती दोनदा "आँ?" म्हणाली असेल, कानाला हात लावला असेल, आणि तो हात चिनूला ओळखीचा वाटला असेल. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या आणि ओठ हलवत होत्या. आवाज अजिबात नाही. चिनूने वहीतलं काहीतरी दाखवलं, आत्ती दात नसलेलं तोंड उघडून हसली. मग तिचं बोट चिनूच्या उजव्या कानाकडे गेलं. चिकटपट्टीवर जाऊन थांबलं.

त्याच वेळी आत्तीने वर बघितलं. सरळ माझ्याकडे. तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं.

मी आधीपासून काही ठरवलं नव्हतं. एवढं मात्र खरं, की मी आत्तीला ओळखत होते. मी ओठ हलवले. सावकाश, खात्यात बोलायचे तसे, आवाज न काढता.

आत्ती, किनार मोडली म्हणे तुम्ही.

तिचं हसू पुसलं गेलं. कपाळावर आठी आली. आणि तिने तोंडाने उत्तर दिलं, तिच्या आवाजात. पडवीच्या दुसऱ्या टोकाचे दोन वकील वळून बघायला लागले.

"कोण म्हणतंय? किनार मोडतंय कोण? पोरीच्या बारशादिवशी घातलेली किनार हाय ती. मी जिती हाय तवर कुणी हात लावून बघावा. आठचे बारा माग झाले त्या किनारीवर. बारा. आजबी बाराच्या बारा मागांवर तीच किनार चाललीया, जाऊन बघ जा."

तरुण वकिलांनी सुदर्शनकडे बघितलं.

तिने सांगितलं ते खरं होतं. चिनूच्या बारशाच्या दिवशी सुदर्शन दुपारीच खात्यात निघून गेला होता. सगळे विचारत होते, बाप कुठे. संध्याकाळी आला तो हाताला तेल, आणि खिशात कापडाची एक पट्टी. त्या दिवशी चिनूला गुंडाळलेलं दुपटं हळदीच्या रंगाचं होतं आणि त्याला मी हाताने पोपटी गोट लावला होता. त्याने मागांवरची जुनी लाल किनार काढून तेच रंग चढवले होते. मुखदुर्बळ माणूस, त्याने एवढंच सांगितलं. पुढच्या आठवड्यात मोठी ऑर्डर आली आणि आत्तीने जाहीर केलं की ही नातीच्या पायगुणाची किनार. मग मी गेले, नात गेली. किनार तेवढी त्या घरात राहिली.

मगदूम सरांनी टोपण लावलं, काढलं. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना ते म्हणायला आवडलं नाही, की नियम नियमच आहे. इथलं बोलणं बाहेर जात नाही. त्या माऊली जे बोलल्या ते कोर्टात कुणाला वापरता येणार नाही.

तरुण वकिलांच्या जिवात जीव आला. त्यांनी फाईल बंद केली आणि सुदर्शनच्या दंडाला हात लावला. सुदर्शन उठला. तो दारापर्यंत गेला असता आणि मग आम्ही वर्षभर तारखा मोजल्या असत्या. त्याला अडवायला माझ्या हातात एक वीत कापड होतं, तेही टेबलावर.

पण दारात आत्ती उभी होती. एका हाताने चिनूला धरलेलं, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर चिनूचं मशीन.

"हे चिकटपट्टीनं बांधलंय," ती म्हणाली. आता ती हळू बोलायचा प्रयत्न करत होती आणि तरी खोली भरून जात होती. "पोर म्हणती, नवं पायजे म्हणून आई कोर्टात आलीया. तू मला काय सांगितलंस? तिला फ्लॅट घ्यायचाय, म्हणून पैसं मागती."

सुदर्शनची नजर त्या मशीनवर होती.

"मला चाळीस वर्सं झाली माग चालवून, माझं कान गेलं ते कामानं गेलं. मी कुणाला काय म्हणाले? हिनं अजून काय ऐकलंय रे? हिनं काय ऐकलंय?"

उजवं मशीन काढल्यामुळे चिनूला यातलं काही धड ऐकू येत नव्हतं. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती, तो काही म्हणेल म्हणून. ओठ हलले तर चुकायला नको म्हणून तिने डोळ्याची पापणीही लववली नाही. एवढं एकटक कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही.

सुदर्शन परत खुर्चीवर बसला. वकिलांना म्हणाला, कागद काढा.

त्यानंतरचा दीड तास मला तुकड्या-तुकड्यांत आठवतो. आत्ती दारातच खुर्ची घेऊन बसली, तिला कुणी हलवलं नाही. शिपायाने सगळ्यांना चहा आणला. मुजावर मॅडमनी बाह्या सरसावल्यासारखं केलं आणि एकेक ओळ लिहून घ्यायला लागल्या. पोटगी महिना आठ हजार. दर दोन वर्षांनी वाढ, मागायला न येता. आणि मशीन, साचे, बॅटऱ्या, बोलायला शिकवणाऱ्या बाईंची फी, शाळेचं जे काही वेगळं निघेल ते, या सगळ्या जादा खर्चाची वाटणी. सुदर्शन खाली मान घालून म्हणाला, सगळं मीच देतो.

"नको," मी म्हणाले. "तीनातले दोन वाटे तू. एक माझा."

मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला. सगळं त्याने दिलं असतं तर ते देणं झालं असतं, आणि देणारा कधी ना कधी थकतो. मला वाटा हवा होता. वाट्याला दोघांची नावं असतात.

मगदूम सर माझ्याकडे वळून म्हणाले, आणखी काही?

होतं. मिरजेला जायचं म्हणजे माझा अर्धा दिवस जातो, अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. हाही खर्चच. मी म्हणाले, एक आठवडा मी नेईन, एक आठवडा यांनी न्यावं. साच्याचं माप घ्यायला दोघांनी. वकील म्हणाले, मॅडम, हे आपल्या अर्जात नाही. मॅडम म्हणाल्या, नसेना, आता आहे. सुदर्शनने विचारलं की शिकवणाऱ्या बाई काय शिकवतात आणि बापाने तिथे काय करायचं असतं. कोर्टातल्यासारखं नव्हे, खरोखरच विचारल्यासारखं. मी म्हणाले, समोर बसून बोलायचं. तो कसंनुसं हसला. पाच वर्षांत पहिल्यांदा. बोलणं म्हणजे त्याच्यासाठी शिक्षाच.

सह्या झाल्या. तडजोडीचा कागद कोर्टापुढे ठेवायला दोघे वकील गेले. पडवीत आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना उभे होतो, मधून माणसं जात-येत होती. चिनू आणि आत्ती बाकावर शेंगदाणे खात होत्या. सुदर्शनने माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. आवाज न काढता, खात्यात बोलायचो तसे.

दिसली कशी?

बोट अडलं, मी ओठांनी म्हणाले. पोपटी दुपदरी आहे.

त्याने मान हलवली. एक माणूस फायलींचा गठ्ठा घेऊन मधून गेला. तो गेल्यावर मी विचारलं, जे मला त्या दुपारपासून विचारायचं होतं. माग लपवलेस, मीटर बदललंस, नाव बदललंस. रंगीत सुताचं एक बॉबिन बदलायला काय लागतं? मग किनार का ठेवलीस?

त्याने बाकाकडे बघितलं. मग ओठ हलले.

हात धजला नाही.

जूनच्या नऊ तारखेला नवी जोडी आली. चिनू शाळेत गेली ती पहिल्या बाकावर बसली, आणि आठवड्याभरात बाईंची चिठ्ठी आली, तिला मागच्या बाकावर पाठवलंय, कारण ती फार बोलते. ती चिठ्ठी मी जपून ठेवलीय.

याला पाच वर्षं झाली. चिनू बारा वर्षांची आहे. एकाआड एक शनिवारी ती बापाबरोबर मिरजेला जायची, आता शिकवणी संपली तरी शनिवार चालू आहे. परत येताना ती खात्यात जाते. आत शिरल्या शिरल्या मशीन बंद करते आणि त्या खडखडाटात उभी राहून सगळ्यांना चिडवते, तुम्हाला बंद करता येत नाही ना. मुखदुर्बळ बाप तिच्याशी आठ माग पलीकडून तासभर बोलतो. आत्तीलाही सुदर्शनने मशीन घेऊन दिलं. तिने ते हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलंय आणि फक्त शनिवारी काढते. बिलं मी पाठवते, पंधरा दिवसांत त्याचे दोन वाटे येतात. दोनदा उशीर झाला, दोन्ही वेळा आत्तीचा फोन आला, आणि फोन न उचलताही मला ऐकू आला असता.

मी अजून त्याच टेबलावर आहे. शाळा सुटल्यावर चिनू कधी कधी तिथे येते, टेबलाखालच्या पेटीवर बसून अभ्यास करते. चुलत भावाचं नाव आता चिठ्ठीवर नसतं. सुदर्शनने मनात आणलं असतं तर त्या गुरुवारनंतर दुसऱ्याच दिवशी ते रंग बदलता आले असते, पुढे कुणी बोट ठेवायला नको म्हणून. मालनअक्का तर पैज लावायला तयार होती की बदलणार. मी प्रत्येक नवा तागा आला की अजूनही आधी किनार बघते.

काल दुपारी मी चहा प्यायला वळले होते. मागे नवा तागा टेबलावर पडल्याचा आवाज झाला. मी बघायच्या आधी चिनू उठली होती. तिने घडी उलगडली, डोळे मिटले आणि कडेवरून बोट फिरवत गेली, मी फिरवते तसंच. मध्येच थांबली.

"आई," ती म्हणाली, आणि आजीच्याच आवाजात, सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं, "माझा आला बघ."